वेळ नाही म्हणणाऱ्यांनी वाचावे : पंचवटीत राहून गेलेल्या पलुसकरबुवांचे आयुष्य

एकलहरे : गावागावांतल्या भजनी मंडळांत हल्ली एकच रडगाणे ऐकू येते. पोरांना पेटी शिकायची आहे, पखवाज शिकायचा आहे, पण वेळ कुठे आहे? आपल्याकडे तर विचारूच नका. औष्णिक वीज केंद्रात कामाला असलेला माणूस एक आठवडा दिवसपाळी, दुसरा आठवडा रातपाळी. शेतकऱ्याला रात्रीची लाईट असली की विहिरीवर जावे लागते. ऑक्टोबर छाटणी आली की द्राक्षवाल्याला घरच्यांशी बोलायला फुरसत नसते, आणि कांदा लागवडीत तर सगळे घरच वावरात. मग गाणे राहते एकादशीपुरते आणि सप्ताहापुरते.

हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने हातात घेतला होता. ज्याला दिवसभर गुरूच्या पायाशी बसता येत नाही, ज्याला नोकरी आहे, दुकान आहे, शाळा आहे, त्याने गाणे शिकायचे कसे? त्या माणसाचे नाव पंडित विष्णू दिगंबर पलुसकर. त्यांचे शेवटचे दिवस आपल्या नाशकात, पंचवटीत गेले. एकलहऱ्याहून नाशिकरोडमार्गे पंचवटीत जायला तासभरही लागत नाही. तरी त्यांचे नाव आपल्या भागात फार कमी जणांना माहीत आहे. येत्या पिढीसाठी म्हणून त्यांचे आयुष्य इथे सांगतो.

फटाक्याने डोळे नेले

विष्णूचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाडला झाला. आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातले हे गाव. कृष्णा-पंचगंगेचा संगम जवळच, आणि नदीपलीकडे नरसोबाची वाडी. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ, पण सांगलीकडच्या पलूस गावचे म्हणून पलुसकर झाले. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. म्हणजे घरात पैसा बेताचा, पण टाळ, झांज, अभंग, आख्यान हे सगळे जन्मापासून कानावर.

पोरगा हुशार होता. शाळा शिकला असता तर संस्थानात कुठेतरी नोकरीला लागला असता. पण लहानपणीच दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ उडाला. चेहरा भाजला आणि डोळे अधू झाले. पार आंधळेपण आले नाही, पण पुस्तक वाचून शिकणे संपले. वडिलांनी उपचारासाठी मिरजेला नेले. तिथे डोळे काही पूर्ववत झाले नाहीत, पण पोराचा गळा चांगला आहे, त्याला गाण्याला लावा, असा सल्ला मिळाला. मिरजेच्या संस्थानिकांचा आश्रय मिळाला आणि विष्णू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकू लागला.

इथे दोन शब्द बाळकृष्णबुवांबद्दल. हे बुवा तरुणपणी गाण्यासाठी घर सोडून पायी उत्तरेकडे गेले. मिळेल ते खाऊन, पडेल ते काम करून त्यांनी वासुदेवबुवा जोशींकडून ग्वाल्हेरची गायकी मिळवली आणि ती महाराष्ट्रात आणली. आज महाराष्ट्रात जे ख्यालगायन चालते, त्यातला मोठा भाग या एका माणसाच्या पायपिटीवर उभा आहे.

मिरजेतली वर्षे

त्या काळची शिकवण्याची रीत कशी होती, ते समजून घ्यायला हवे. शिष्याने गुरूच्या घरी राहायचे. पाणी भरायचे, बाजार करायचा, गुरूची सेवा करायची. गुरूची मर्जी असेल तेव्हा शिकवणी. कधी सकाळी, कधी रात्री, कधी चार-चार दिवस नाही. वही नाही, पुस्तक नाही. गुरू गातील ते कानाने टिपायचे आणि विसरायच्या आत घोटायचे. त्यात बाळकृष्णबुवांना दम्याचा त्रास होता. खोकल्याची उबळ आली की शिकवणी थांबली.

विष्णूने या रीतीत बरीच वर्षे काढली आणि तीत राहून पक्का गवई झाला. पण एक गोष्ट त्याच्या मनात बसली असावी. या रीतीने शिकायला माणसाला दुसरे कामच नको. घरदार, पोटपाणी सगळे सोडूनच यावे लागते. म्हणजे हजारात एखादाच शिकणार, बाकीचे नुसते ऐकणार. आणि गुरूने एखादी चीज दिली नाही तर ती त्याच्याबरोबरच जाणार.

दुसरी एक गोष्ट मनाला लागली. मिरजेत एका मोठ्या समारंभाला राजाच्या मर्जीतला म्हणून विष्णूला बोलावणे आले, पण त्याच्या गुरूला आले नाही. चौकशी केली तर गवयाला कसले आमंत्रण, असा सूर निघाला. ज्या माणसाने ही विद्या महाराष्ट्रात आणली, त्याची ही किंमत! तेव्हा गवई म्हणजे राजाच्या पदरी असलेला माणूस, असाच समज होता. 1896 साली, चोविसाव्या वर्षी, विष्णूने मिरज सोडली. राजाश्रय सोडला, ठरलेली भाकरी सोडली आणि एक-दोन सोबत्यांना घेऊन बाहेर पडला.

राजाकडून लोकांकडे

बडोदा, काठियावाड, ग्वाल्हेर, मथुरा असा तो फिरला. काठियावाडात त्याने एक नवाच प्रकार केला. राजवाड्यात गाण्याऐवजी थोडके तिकीट लावून सगळ्यांसाठी मैफल केली. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण त्या काळी अभिजात गाणे ऐकायला एक तर दरबारात वशिला लागे, नाहीतर कोठ्यावर जावे लागे, आणि घरंदाज माणूस दोन्हीकडे जात नसे. कोणीही यावे, पैसे द्यावेत, बसून ऐकावे, ही सोय विष्णू दिगंबरांनी केली. मथुरेत राहून त्यांनी ब्रज भाषा शिकून घेतली, कारण ख्यालांचे शब्द त्या भाषेतले. अर्थ न कळता गाणे त्यांना पटत नव्हते.

फिरत फिरत ते पंजाबात पोचले. 5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केले. वय अठ्ठावीस. भाषा वेगळी, मुलूख वेगळा, ओळख कोणाची नाही. कोणा राजाच्या देणगीवर नाही, तर लोकांच्या मदतीवर आणि स्वतःच्या मैफलींच्या पैशावर ही शाळा चालवायची होती. सुरुवातीला शिकायला कोणी फिरकतच नव्हते, असे सांगतात. बुवा मात्र ठरलेल्या वेळी वर्गात येऊन तंबोरा लावून बसायचे, स्वतःचाच रियाज करायचे आणि वेळ संपली की उठायचे. विद्यार्थी आला नाही म्हणून तास चुकवायचा नाही. पुढे एकेक करून माणसे येऊ लागली.

घड्याळ आणि पुस्तक

आता मुद्द्याची गोष्ट. बुवांनी लाहोरला नेमके केले काय? तर गाण्याला घड्याळ आणि पुस्तक दिले.

पहिले, वेळ. सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी वर्ग. कचेरीत जाणारा माणूस कचेरीआधी किंवा नंतर येऊ शकतो, शाळेतला पोरगा शाळा सुटल्यावर येऊ शकतो. गुरूच्या मर्जीची वाट बघायची नाही. पण सवलत एकाच बाजूने नाही. विद्यार्थ्यानेही वेळेवर यायचे. शिस्तीच्या बाबतीत बुवा फार कडक होते.

दुसरे, क्रम. आधी स्वर, मग अलंकार म्हणजे पलटे, मग सोपे राग, मग अवघड. पहिल्या वर्षी इतके, दुसऱ्या वर्षी इतके, आणि वर्षाच्या शेवटी परीक्षा. यामुळे काय झाले, तर थोडा वेळ असणाऱ्यालाही आपण कुठपर्यंत आलो आणि पुढे काय करायचे ते कळू लागले. आपल्याकडे बरीच पोरे पेटी सोडतात ती आळसाने नाही. रोज बसून काय करायचे तेच ठरलेले नसते. दहा गाणी अर्धी-अर्धी वाजवून कंटाळा येतो.

तिसरे, लिहून ठेवणे. बुवांनी स्वरलिपी तयार केली. कोणता स्वर, कोणत्या सप्तकातला, किती मात्रा धरायचा, एका मात्रेत दोन स्वर की चार, यासाठी खुणा ठरवल्या. त्या लिपीत त्यांनी संगीत बालप्रकाश, संगीत बालबोध, राग प्रवेश अशी पुस्तके काढली. ती छापायला स्वतःचा छापखाना घातला आणि वाद्ये दुरुस्त करायला कारखानाही काढला. ज्याला गुरूसमोर आठवड्यातून दोनच तास मिळतात, त्याने बाकीचे पाच दिवस घरी काय घोटायचे, ते आता त्याच्याजवळ कागदावर होते.

यावर जुन्या लोकांची टीकाही झाली. पुस्तकातून कुठे गवई होतो का, असे विचारले गेले. त्यात तथ्य आहेच. कागदावर स्वर उतरतो, त्याची लकब उतरत नाही. पण बुवांचा हिशेब निराळा होता. सगळ्यांनी गवई व्हावे असे त्यांचे म्हणणे नव्हतेच. तानसेन नाही तर निदान चांगले कानसेन तरी घरोघर तयार व्हावेत, हा त्यांचा उद्देश होता. आणि ज्याला खरोखर गवई व्हायचे आहे, त्याच्यासाठी त्यांनी वेगळी सोय ठेवली होती.

ती सोय म्हणजे उपदेशक वर्ग. गरीब घरची, गळा असलेली मुले बुवा आपल्याकडेच ठेवत. राहणे, खाणे, शिकणे फुकट. बदल्यात बरीच वर्षे राहण्याचा करार आणि खालच्या वर्गांना शिकवण्याचे काम. पहाटे उठून स्वतःचा रियाज, दिवसा शिकणे, संध्याकाळी दुसऱ्यांना शिकवणे. शिकवता शिकवता स्वतःचे पक्के होते, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा.

मुंबई, आणि कर्ज

1908 साली बुवांनी मुंबईत शाखा काढली आणि पुढे तिथेच मुक्काम हलवला. विद्यार्थी वाढले, बायकांनाही शिकवण्याची सोय झाली. चांगल्या घरातल्या बाईने गाणे शिकणे हे तेव्हा लोकांना सहन होत नव्हते, हे लक्षात घ्या. कॉंग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात. साबरमती आश्रमासाठी गांधीजींना गायनशिक्षक हवा होता, तेव्हा बुवांनी आपला शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना दिला. हेच खरे 1930 च्या दांडीयात्रेत गांधीजींबरोबर चालले.

पण मुंबईत शाळेची स्वतःची इमारत उभी करताना कर्ज झाले. फी थोडी, फुकट शिकणारे पुष्कळ, वर छापखान्याचा आणि कारखान्याचा खर्च. बुवा गावोगाव मैफली करत, पैसे आणत आणि व्याजात घालत. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. पीक निघते आणि सोसायटीत जमा होते, तसे. शेवटी 1924 च्या सुमारास कर्ज हाताबाहेर गेले. इमारत लिलावात गेली, मुंबईची शाळा बंद पडली. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेळेची घडी बसवली, त्याला पैशाची घडी बसवता आली नाही. हेही सांगितले पाहिजे. नुसती आरती ओवाळून उपयोग नाही.

गोदाकाठी

मुंबईत ओढाताण चालली असतानाच बुवांचे मन रामनामाकडे वळले होते. भगवी वस्त्रे घालून ते तुलसीदासांच्या रामायणावर प्रवचने करत, त्यात गात. पंचवटीत त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला आणि उरलेल्या शिष्यांसह तिथे राहिले. जिथे वनवासात राम राहिले असे आपण मानतो, त्याच ठिकाणी एका दमलेल्या गवयाने आधार शोधला. दरबारी मैफली मागे पडल्या होत्या. पण शिकवणे सुटले नव्हते. आश्रमातही पोरे होती आणि पहाटेचा रियाज होता.

घरचे दुःखही मोठे होते. बुवांची बरीच मुले लहानपणीच गेली. 1921 साली जन्मलेला दत्तात्रेय तेवढा राहिला. आणि इथेच या गोष्टीतली सगळ्यात मोठी वेळेची टंचाई येते. बापाने देशभर शेकडो लोकांना शिकवले, पण पोराला शिकवायला त्याच्याकडे वर्षे उरली नव्हती. तब्येत ढासळत गेली. बुवा मिरजेला गेले, जिथे त्यांचे शिक्षण सुरू झाले होते तिथेच. 21 ऑगस्ट 1931 रोजी त्यांनी देह ठेवला. एकोणसाठ वर्षे नुकतीच पुरी झाली होती. दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता.

मागे काय राहिले

जुन्या रीतीप्रमाणे इथे सगळे संपले असते. गुरू गेला, विद्या गेली, पोरगा पोरका. पण तसे झाले नाही.

बुवांचे शिष्य त्याच वर्षी, म्हणजे 1931 मध्ये, एकत्र आले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले. विनायकराव पटवर्धनांनी 1932 साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. नारायणराव व्यास मोठे गवई झाले. बी. आर. देवधरांनी मुंबईत शाळा काढली, तिथे पुढे कुमार गंधर्व शिकले. गुजरातच्या गरीब घरातून आलेले ओंकारनाथ ठाकूर देशात गाजले आणि बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचे प्रमुख झाले.

आणि दत्तात्रेय? त्याला विनायकरावांनी आणि नारायणरावांनी शिकवले. बापाचीच गायकी, बापाच्याच चिजा, त्याच क्रमाने. बुवांनी दुसऱ्यांच्या मुलांना दिले होते, ते त्या मुलांनी बुवांच्या मुलाला परत केले. हाच पोरगा पुढे डी. व्ही. पलुसकर म्हणून नावारूपाला आला. 1952 च्या बैजू बावरा सिनेमात उस्ताद अमीर खाँ यांच्याबरोबरची जुगलबंदी त्याचीच. 1955 साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी तोही गेला. पण त्याची भजने आज कोणाच्याही मोबाईलवर सापडतात. रात्री पाण्यावर असाल तर एकदा लावून बघा. बोरिंगच्या आवाजातही तो स्वर ऐकू येतो.

आपल्यासाठी काय

मंडळाच्या परीक्षा आजही वर्षातून दोनदा होतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा पायऱ्या आहेत. आपल्या जिल्ह्यातली पोरेही त्या देतात. त्यांना माहीत असो वा नसो, ती ज्या जिन्याने चढतात तो पलुसकरबुवांच्या कामातून आलेला आहे.

ज्यांना परीक्षा द्यायची नाही, फक्त मंडळात नीट साथ करायची आहे, त्यांनीही बुवांच्या तीन गोष्टी धराव्यात. वेळ, क्रम आणि वही. आजच्या माणसाला त्या अशा जमवता येतील.

वेळ म्हणजे रोजची. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बरा. हात आणि गळा रोज लागणाऱ्या पाण्यासारखा आहे, महिन्याचे एकदम देऊन चालत नाही. पाळीवाल्याने घड्याळाची वेळ धरू नये, कारण ती दर आठवड्याला बदलते. त्याने कामाला जोडून वेळ धरावी. झोपून उठल्यावर चहाच्या आधी, मग ती सकाळ असो की दुपार.

क्रम म्हणजे त्या अर्ध्या तासाची वाटणी. पहिली सात-आठ मिनिटे नुसता षड्ज, मोबाईलवर तंबोरा लावून. पुढची दहा मिनिटे एकच पलटा, आधी ठाय लयीत, मग दुप्पट. पुढची दहा मिनिटे एकच अभंग किंवा एकच चीज, ती पुरी होईपर्यंत दुसरी धरायची नाही. राहिलेल्या दोन-तीन मिनिटांत आज कुठे अडले ते बघायचे. एखाद्या दिवशी दहाच मिनिटे मिळाली तर षड्ज आणि पलटा करावा, अभंग सोडावा. पाया सोडून कळस धरू नये.

वही म्हणजे लिहून ठेवणे. आज काय केले, कुठे चुकले, उद्या काय करायचे. दोन ओळी पुरतात. द्राक्षाच्या फवारणीची नोंद ठेवतोच ना आपण? तशीच ही. मग छाटणीत पंधरा दिवस खंड पडला तरी परत कुठून धरायचे ते कळते. मंडळातल्या जुन्या बुवांकडच्या चाली तर आधी उतरवून घ्या. स्वरलिपी येत नसेल तर मोबाईलवर आवाज भरून घ्या, पण घ्या. आपल्या तालुक्यात अशा किती चाली म्हाताऱ्यांबरोबर गेल्या, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आणि चौथी गोष्ट, जी बुवांच्या उपदेशक वर्गात होती. आपल्याला जेवढे येते तेवढे धाकट्याला शिकवा. ज्याला पाच पलटे येतात त्याने दोन येणाऱ्याला शिकवावे. गावात गवई नसला तरी अशाने मंडळ चालते. लाहोरची शाळा रिकाम्या वर्गातून उभी राहिली, आपल्याकडे तर निदान देऊळ आहे, पेटी आहे आणि चार पोरे ओट्यावर बसलेली आहेत.